खुणेवरची फुली

"ह्यातला माझा धनी कुठला, तेवढं सांग."

म्हातारीनं काचेच्या कपाटावर एक कार्ड ठेवलं आणि माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू मी लग्नात वऱ्हाडी होतो. मी कार्ड उचललं. हाताला पिवळी भुकटी लागली. कार्डावर भंडाऱ्याचा एवढा थर बसला होता की खाली फोटो आहे हे सांगावं लागलं असतं.

"आजी, तुमचा धनी तुम्हालाच ठाऊक नाही, तर मला कसा ठाऊक असणार?"

"मग पाटी कशाला लावलीयास भाईर? जुन्याचं नवं करून मिळंल म्हनून?"

तिच्यामागं उभा असलेला चाळिशीचा गडी हसला. डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडं. तो तिच्या दिराचा मुलगा, सिदू विरकर. म्हातारी ठकूबाई. झऱ्याच्या वस्तीवरची धनगर मंडळी. सत्याहत्तर साल होतं, म्हसवडात माझ्या वडिलांचा फोटो स्टुडिओ नुकताच माझ्याकडं आला होता, आणि माझ्यासारखा ब्रश तालुक्यात कुणाचा चालत नाही अशी माझी पक्की समजूत होती. देवीच्या वणाचा चेहरा मी लोण्यासारखा करून द्यायचो.

सिदूनं सगळं सांगितलं. ठकूबाईचं लग्न अकराव्या वर्षी झालं. नवरा धुळा पाच दिवस घरात होता, मग मेंढरं घेऊन गेला, आणि तिकडनंच पहिल्या लढाईत खेचरांच्या पलटणीत भरती झाला. बसऱ्याला नेलं म्हणे. मग एक सरकारी कागद आला, बेपत्ता म्हणून. आणि हे कार्ड. पुढं फोटो, मागं कुणा कारकुनानं लिहिलेला पत्ता आणि जांभळा शिक्का. बाकी एक अक्षर नाही.

"कार्ड आलं तवा मानमोडीची साथ चाललीवती," ठकूबाई म्हणाली. "सासरा गेला, चुलतसासरा गेला. घरात कळता पुरुष उरला न्हाई. सासूनं कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं आन रोज भंडारा लावला. ती जाईस्तवर कुनाला हात लावू दिला न्हाई."

"आणि तुम्ही त्यांना बघितलंच नाही?"

"कसं बगनार? लग्नात अंतरपाट, मुंडावळ्या. घरात सासऱ्यापुढं मान वर करायची चाल न्हवती. पाय बगितले. पाय अजून वळकीन मी."

कापसाला स्पिरिट लावून मी भंडारा हळूहळू पुसला. साठ वर्षांचा पिवळा चिखल निघाला आणि खालून चार शिपाई वर आले. दोघं खुर्चीवर, दोघं मागं उभे. चौघांच्याही पायांत बूट, आणि बुटांवर गुडघ्यापर्यंत गुंडाळलेल्या पट्ट्या.

ठकूबाईनं वाकून पाहिलं. "बूट घातल्यात व्हय मुडद्यांनी," असं म्हणून ती खाली बसली.

सिदूनं मला बाजूला घेतलं. घरच्या देव्हाऱ्यात पूर्वजांचे चांदीचे टाक असतात, तसा धुळाकाकाचा टाक घडवायचा होता. पण टाक बसवायचा म्हणजे तो मेला हे मान्य करायचं, आणि ठकूबाई सवाष्ण म्हणून कपाळभर कुंकू लावून बसलेली. शेवटी तिनं एक अट घातली होती. एकदा तोंड बघू द्या, मग पुसते.

"तवा मास्तर, जपून सांगा," सिदू म्हणाला.

मी म्हटलं, आठ दिवसांनी या.

भिंग लावून मी ते कार्ड तीन दिवस बघितलं. उजवीकडं खुर्चीवर बसलेला एक जण होता, भरल्या मिशांचा, ओठांत हसू दाबलेलं. त्याच्या बुटांशी, उजळ जमिनीवर, शाईची बारीक फुली होती. आमच्या धंद्यात ह्याला एकच अर्थ. घोळक्याचा फोटो आणून देणारा माणूस ज्याचा मोठा फोटो हवा त्याच्यावर फुली मारून देतो. आजही देतात. मी म्हटलं, सुटलं कोडं. निरक्षर माणूस, लिहिता येत नाही, फुली मारून कळवलंय की हा मी.

फुलीखाली आणखी काही करडे ठिपके, ओरखडे होते. तसेच तीन ठिपके मागं डावीकडं उभ्या असलेल्या माणसाच्या बुटांशीही होते. त्या माणसाचा चेहराच नव्हता. फोटो काढताना हलला असणार. टोपीखाली नुसता धूर. मला ते ठिपके माश्यांची घाण वाटले. कार्डावरनं मी निगेटिव्ह केली, मग कार्डावरची ती घाण ब्रशनं उडवली. निगेटिव्हवरनं फुलीवाल्याचा पंधरा इंची चेहरा काढला, मिशांना जरा पीळ दिला. डोळ्यांत एकेक पांढरा ठिपका टाकला, की चेहरा जिवंत होतो. खरं सांगतो, उत्तम काम झालं होतं. त्याची एक प्रत मी बाहेरच्या शोकेसमध्येही लावली.

आठ दिवसांनी ठकूबाई आली. मी फोटो उभा करून धरला. तिनं तो दाराच्या उजेडाकडं वळवला.

"असा हुता व्हय," ती म्हणाली. मग जरा लाजून, "नाक बरं हाय."

सिदूनं डोळे पुसले. मी मोठ्या रुबाबात फुलीचं सांगितलं. त्यांना ती भिंगातून दाखवली सुद्धा. म्हातारीला दिसली नाही, पण सिदूला दिसली, तो 'व्हय की' म्हणाला. तिच्यासाठी तेवढं पुरे झालं. तिनं पदराचं टोक जिभेला लावलं, ओलं केलं आणि माझ्यासमोर, त्या स्टुलावर बसून, कपाळ पुसलं. कुंकवाखाली हिरवं गोंदण होतं. ते बघून मला कसंसंच झालं, पण मी चहा मागवला.

तीन महिने गेले. टाक बसला, जेवण झालं, मीही जाऊन मटण खाऊन आलो.

मग एका बाजाराच्या दिवशी मी मेंढरांच्या बाजारातून चाललो होतो. कातरून काढलेली पांढरी मेंढरं दावणीला होती आणि एकीच्या पाठीवर काजळीनं तीन ठिपके काढले होते. दोन वर, एक खाली. मी तिथंच थांबलो. हे ठिपके मी कुठं पाहिलेत हे आठवायला वेळ लागला नाही. ज्या हातानं ते पुसले तो हात खिशात होता.

"काय मास्तर, मेंढरू घेताय का?" दावणीपलीकडं सिदूच होता.

"हे ठिपके काय आहेत?"

"आमची खूण. विरकरांची. चार घरांची मेंढरं एका कळपात चालत्यात, मग कुनाचं कुठलं कसं कळायचं? परत्येक घराची खूण येगळी."

"आणि फुली कुणाची?"

"फुली कुनाची नसती." त्यानं हातातली काठी पुढं केली. काठीवर सुरीनं बारीक खुणा कोरल्या होत्या, काहींवर फुल्या. "वाटंत मेलं, लांडग्यानं नेलं, की ज्याचं त्याच्या खुनंवर फुली मारायची. घरी आलं की काठी त्याच्या हातात द्यायची. त्यो बगतो आन समजून घेतो. तोंडानं सांगायला जीब वळत न्हाई ना."

मी त्याला हाताला धरून स्टुडिओत आणलं आणि निगेटिव्ह दिव्यावर धरली. कार्डावरनं मी घाण काढली होती, निगेटिव्हवर ती होती तशीच होती. भिंग त्याच्या हातात दिलं.

धूर झालेल्या चेहऱ्याच्या माणसाच्या पायाशी तीन ठिपके. विरकर. स्वच्छ, फुली नाही.

मिशीवाल्याच्या पायाशी दोन आडव्या रेघा, खाली एक टिंब. त्यावर फुली.

"ही आमची न्हाई," सिदू हळूच म्हणाला. "ही हिंगणवाडीच्या शेंडग्यांची."

कार्डावर एक अक्षर नव्हतं ते उगीच नाही. धुळ्यानं काठी पाठवली होती. शेंडग्यांचा गेला, मी आहे. शिक्का मारणाऱ्या साहेबाला ते कळलं नाही, आणि ज्याला कळलं असतं तो सासरा कार्ड यायच्या आधी गेला. वरनं सासूनं भंडारा लावला. तो मी पुसला, आणि मग निरोपही पुसला.

"म्हंजी आमच्या भिंतीवर..." सिदूनं भिंग खाली ठेवलं. मग तो एकदम उठला. "मास्तर, गप्प ऱ्हावा. टाक बसलाय, काकू निवांत झालीय. ह्या वयात आता हे नगं. तुम्हाला बिरोबाची आन हाय."

आण घातली, मी गप्प राहिलो. पण शोकेसमधला तो मिशीवाला काही गप्प राहीना. त्याच्या डोळ्यांतले दोन पांढरे ठिपके मीच टाकलेले होते, तरी सकाळी कुलूप काढताना तो माझ्याकडं बघायचा आणि माझी किल्ली चुकायची. गिऱ्हाईक समोर बसलं की त्याच्या खांद्यावरनं तो दिसायचा. मी प्रत उलटी करून ठेवली, तर तिची कोरी पाठ जास्तच बघायला लागली. अकरा दिवस मी असे काढले. जेवण जाईना. बायको म्हणाली, तुम्हाला कुणाची नजर लागलीय. मी म्हटलं, हो.

बाराव्या दिवशी ठकूबाई एकटी आली. फोटोची चौकट फडक्यात बांधून आणली होती.

"काच बदलून दे रं बाबा. हात लावून लावून धुरकट झालीया."

"एवढा हात कशाला लावता, आजी?"

"मग काय नुसतं बगत बसू? साठ वर्सांचं बोलनं साठलंय." ती खुशीत होती. तोंड भरून हसत होती, कपाळ मोकळं. "भाकरी थापताना समोर ठेवते त्याला. सगळं सांगते. तू गेल्यावर मला म्हायेरी न्हेत हुते, म्या गेले न्हाई. पाटलाच्या पोरानं हात धरला हुता, तवा कोयता काडला, त्ये बी सांगितलं. जे धन्याला कुनी सांगत न्हाई त्ये बी सांगितलं. हसतो नुसता."

मला बसवेना. बिरोबाची आण मोडली. मी सगळं सांगून टाकलं, खुणा, काठी, फुली, सगळं. सांगताना मी तिच्याकडं बघितलं नाही, काचेकडं बघत होतो.

ती उठली. मला वाटलं जाणार. तिनं माझ्या थोबाडीत मारली.

"मुडद्या, माझं कुकू पुसलंस तू!"

"चुकलो, आजी."

"परक्या मानसाला म्या..." तिनं पदर तोंडाशी धरला. रडली नाही, नुसती खांद्यातनं हलत होती. मी पाणी आणलं, तिनं घेतलं नाही. मग म्हणाली, "त्याच्या घरी कुनी हाय?"

"कुणाच्या?"

"ह्याच्या. मिशीवाल्याच्या. त्याचं कुनी वाट बगत असंल का न्हाई? का समदी अक्कल ब्रशातच हाय?"

दुपारच्या एसटीनं आम्ही हिंगणवाडीच्या फाट्यावर उतरलो. तिथून दोन मैल माळ. चौकट तिनं काखेत धरली होती, मला धरू दिली नाही. वाटेत मी शेंडग्यांच्या घराची चौकशी केली. लढाईवर गेलेला म्हंकू शेंडगे व्हय, एक जण म्हणाला, त्याची कोंडाबाई हाय की अजून, त्या लिंबाखाली.

लिंबाखाली एक वाळकी म्हातारी चरख्यावर लोकर कातत होती. तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. ठकूबाईनं ते पाहिलं आणि पावलं आखडली. पण मग गेलीच पुढं.

"कुटल्या गं बाई तुमी?"

"झऱ्याच्या वस्तीवरची. धुळा विरकराची." एवढंच बोलून ठकूबाईनं फडकं सोडलं आणि चौकट तिच्या मांडीवर ठेवली.

कोंडाबाईनं हातातली लोकर बाजूला ठेवली. काच पदरानं पुसली, फोटो जवळ नेला, लांब धरला. तिला ना भिंग लागलं, ना खूण लागली.

"हसतोय मेला," ती म्हणाली. "फोटू काडताना बी हसतोय. सासूच्या म्होरं बी असाच वठ दाबून हसायचा आन मार मला बसायचा." मग तिनं वर पाहिलं. "ह्यो तुज्याकडं कसा गं?"

ठकूबाईनं मला कोपरानं ढोसलं. मी पिशवीतनं निगेटिव्ह काढली, पण तिला एवढं बारीक दिसणार नव्हतं. शेवटी मी चुलीतला कोळसा घेतला आणि सारवलेल्या अंगणात मोठं काढलं. दोन आडव्या रेघा, खाली टिंब.

"आमची खूण," कोंडाबाई म्हणाली.

कोळसा धरून मी तसाच उकिडवा बसलो. ठकूबाईनं तो माझ्या हातातनं घेतला, खाली वाकली आणि खुणेवर फुली मारली. एक रेघ, मग दुसरी.

कोंडाबाई धनगराची लेक. तिला अर्थ विचारावा लागला नाही. लिंबावरचे कावळे ओरडत होते तसेच ओरडत राहिले.

"कवा?" तिनं विचारलं.

"साठ वर्सं झाली. निरोप आलावता. माज्या घरात पडून ऱ्हायला. कुनाला वाचताच आला न्हाई, बाई. माफ कर."

"मारली कुनी फुली?"

"माज्या धन्यानं."

"म्हंजी जवळ हुता त्याच्या."

"असंल."

कोंडाबाईनं मान हलवली, परत परत हलवली. "बरं झालं बाई. मला तेच वाटायचं गं. वाळूत एकलाच पडला असंल, तोंडात पानी घालाया बी कुनी नसंल. आपला मानूस हुता जवळ. बरं झालं." आता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायचं भान नव्हतं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आन तुज्या खुनंवर?"

ठकूबाईनं बाजूला तीन ठिपके काढले आणि कोळसा टाकून दिला.

"फुली?"

"न्हाई."

"मग कपाळ का मोकळं ठिवलंस?"

ठकूबाईनं कोळशाचे हात पदराला पुसले. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

कोंडाबाई गुडघ्यावर हात देत उठली, आत गेली आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. ठकूबाईनं मान मागं घेतली. "अगं, लोक काय म्हनतील? टाक बसलाय घरात."

"बसंना का. ज्याच्यावर फुली न्हाई त्याचा टाक कसला? गप बस." तिनं ठकूबाईची हनुवटी धरली. कुंकू नीट मधोमध लागलं, हिरव्या गोंदणावर. "आत्ताच लावून घे. माजं हाय तवर मला लावता येतंय. मग न्हाई यायचं."

मग करंडा बंद करून तो तिनं ठकूबाईच्या ओटीत टाकला, चौकट उचलून छातीशी धरली, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं आपलं कपाळ पुसलं.

परत येताना ऊन कललं होतं. ठकूबाई पुढं, मी मागं. माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. धुळ्यानं जोडीदाराची फुली मारून पाठवली, पण पुढं त्याची मारायला कुणी उरलं का, हे कुणालाच कळणार नव्हतं. हे ठकूबाईलाही कळलं असणारच. ती माझ्यापेक्षा हुशार होती.

फाट्यावर एसटीची वाट बघत आम्ही दगडावर बसलो. मी भीत भीत म्हटलं, "आजी, त्यांचा फोटो मी मोठा करून देतो. जे आहे त्यावरून नाक-डोळे काढतो. माझा हात आहे तेवढा. कुणाला कळणारही नाही."

"नगं."

"नुसता धूर आहे हो तिथं. चेहरा हललाय."

"असू दे." तिनं कपाळाला हळूच बोट लावून पाहिलं, कुंकू आहे ना म्हणून. "बाकीचं तिघं बग कसं धोंड्यागत ऱ्हायल्यात. माजाच तेवढा हलला. हलला म्हंजी जित्ता हाय. तू आता ब्रश लावू नगंस त्याला."

ती पाच वर्षांनी गेली. तेव्हा कुंकू लावून न्यायचं की नाही यावरून वस्तीवर वाद झाला, आणि सिदू सायकल मारत माझ्याकडं आला. मी निगेटिव्ह आणि भिंग घेऊन गेलो. भावकीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी एकेक करून उन्हात धरून बघितली. तीन ठिपके होते. फुली नव्हती. मग बायकांनी हिरवं लुगडं आणलं.